कॅमेऱ्यात राहून गेलेला रोल

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावर आहेत : जुना कॅमेरा हाती आला, त्यात फिल्म निघाली, आता तिचे काय करावे? म्हणून या वेळी सदराची सगळी जागा या एकाच विषयाला दिली आहे. ‘रोल धुणे’ हा आपल्या सर्वांच्या तोंडी असलेला शब्दप्रयोग मी फिल्म डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) घालण्यापासून ती वाळत टाकण्यापर्यंतच्या सगळ्या कामासाठी वापरला आहे. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात भात्याचा, घडी होणारा एक जुना कॅमेरा सापडला. त्याच्या पाठीवरच्या छोट्या लाल खिडकीत ६ हा आकडा दिसतो, म्हणजे आत फिल्म आहे. शटर अजून चालते का, हे पाहावेसे वाटते. फिल्म बाहेर कशी काढावी?

उत्तर : शटर चालते का हे आत्ता मुळीच पाहू नका. या जातीच्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकवणे आणि शटर दाबणे या दोन क्रियांचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो, त्यामुळे एकाच जागी दोनदा चित्र घेण्यापासून कॅमेरा आपल्याला अडवत नाही. खिडकीत ६ दिसतो एवढ्यावरून सहावे चित्र घेऊन झाले आहे की घ्यायचे राहिले आहे, हे कळत नाही. ते घेऊन झाले असेल, तर कुतूहलापोटी दाबलेल्या एका शटरने त्याच्यावर आपल्या खोलीचे छत कायमचे उमटेल.

दुसरी गोष्ट म्हणजे ती लाल खिडकी. ती ज्या काळात कॅमेऱ्यांना बसवली जाऊ लागली, त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून ती निर्धोक होती. पुढे सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात आली आणि तीच खिडकी प्रकाश आत येण्याची फट ठरली. खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा, आणि फिल्म पुढे सरकवताना आकडा पाहण्यापुरती, तीही मंद उजेडात, ती उचला. रोलमध्ये किती चित्रे असतात हे चित्राच्या आकारावर ठरते. १२० क्रमांकाच्या फिल्मवर ६ × ९ सेंटिमीटरची ८ आणि ६ × ६ सेंटिमीटरची १२ चित्रे बसतात. शेवटचा आकडा येऊन गेल्यावरही चावी फिरवत राहा. खिडकीमागून कागदाचे टोक निघून गेले आणि चावी एकाएकी हलकी झाली, की पूर्ण रोल कागदासह दुसऱ्या रिळावर गेला असे समजावे.

चावी जड लागली, तर तिथेच थांबा. जुनी फिल्म वर्षानुवर्षे एकाच वळणात राहून ताठ झालेली असते, आणि ओल लागलेली असेल तर तिचा चित्राचा थर मागच्या कागदाला चिकटलेला असतो. अशा वेळी जोर केला, तर फिल्म फाटते किंवा थर उचकटतो. त्यापेक्षा कॅमेरा पूर्ण अंधाऱ्या खोलीत किंवा चेंजिंग बॅगमध्ये (बाहेरून हात घालता येणाऱ्या प्रकाशबंद पिशवीत) उघडून रोल हाताने गुंडाळावा. खोली खरोखर अंधारी आहे की नाही, हे आत गेल्यावर लगेच ठरवू नका. दहा मिनिटे बसल्यावरही डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नसेल, तरच ती अंधारी.

राहिलेली दोन-तीन चित्रे नव्याने काढून रोल पूर्ण करावा, असे पुष्कळांना वाटते. मी ते करू देणार नाही. ती कोरी जागा आपल्या फार उपयोगाची आहे. कसा तो पुढे सांगतो.

प्रश्न : माझा कॅमेरा ३५ मिलिमीटरचा आहे आणि मोजणीचा काटा २२ वर थांबलेला आहे. फिल्म आत आहे की नाही, हे पाठ न उघडता कसे ओळखावे?

उत्तर : फिल्म मागे गुंडाळण्याची चावी बाणाच्या दिशेने अगदी हलके फिरवा. थोडे फिरून ती अडली, तर फिल्म आहे. तळाचे बटण दाबून धरा आणि ती सावकाश मागे घ्या. सावकाश म्हणण्याला दोन कारणे आहेत. कोरडी, जुनी फिल्म झरझर ओढली की स्थिर विजेच्या ठिणग्या पडतात, आणि त्या झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषांनी निगेटिव्हवर उमटतात. दुसरे कारण अनुभवाचे आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या कॅमेऱ्यात अडलेली फिल्म मी ‘अजून थोडा जोर’ म्हणत ओढली आणि कडेच्या छिद्रांची अख्खी रांग फाडली. अडली तेव्हाच अंधारात कॅमेरा उघडायचा असतो, हे त्या दिवशी शिकलो. शिकण्याची किंमत मात्र स्नेह्यांनी मोजली.

प्रश्न : फिल्म कोणती आहे आणि ती कोणत्या रसायनांत धुवायची, हे कसे कळेल?

उत्तर : हे ठरल्याशिवाय कोणतीही बाटली उघडू नये. ३५ मिलिमीटरच्या डबीवर नाव आणि प्रक्रिया दोन्ही छापलेले असते. कागदाच्या पाठीच्या रोलवर ते कागदाच्या शेवटच्या भागावर असते, आणि रोल पूर्ण गुंडाळला की तो भाग उजेडातही वाचता येतो. नाव सापडले नाही, तर फिल्मच्या आकारावरून काळाचा अंदाज बांधता येतो. १२० हा आकार १९०१ पासून आजतागायत चालू आहे, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. १२७ हा १९१२ मध्ये आला, ६२० हा १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, डबीसकट कॅमेऱ्यात बसणारा १२६ हा १९६३ मध्ये आणि चिमुकला ११० हा १९७२ मध्ये.

नाव वाचता आले, की प्रक्रियेचे अक्षर शोधा. रंगीत निगेटिव्ह फिल्मवर सी-४१ असेल, तर ती आजही चालू असलेल्या प्रक्रियेत धुता येते. ही प्रक्रिया १९७२ मध्ये आली. त्याआधीच्या रंगीत निगेटिव्हवर सी-२२ असते आणि घोटाळा नेमका इथेच होतो. सी-२२ साधारण २४ अंश सेल्सियसला चालत असे, तर सी-४१ चा डेव्हलपर ३७.८ अंशांना वापरतात. जुन्या फिल्मचा जिलेटिनचा थर एवढी उष्णता सोसण्यासाठी बनवलेलाच नव्हता. तो मऊ पडून फिल्मवरून घसरू शकतो. ‘रंगीत आहे ना, मग द्या सी-४१ मध्ये’ या एका वाक्याने पुष्कळ रोल वाया गेले असतील. रंगीत पारदर्शिकांच्या (स्लाइडच्या) जुन्या ई-४ आणि नंतरच्या ई-६ या प्रक्रियांमध्येही असाच फरक आहे.

मग बंद पडलेल्या प्रक्रियेच्या रंगीत फिल्मचे काय करायचे? ती कृष्णधवल डेव्हलपरमध्ये धुवायची. रंगीत फिल्ममध्येही प्रकाश टिपतात ते चांदीचे क्षारच, रंग त्यांच्या मागोमाग तयार होतात. रंग बनवणारी द्रव्ये निकामी झाली, तरी चांदीची प्रतिमा बहुधा शिल्लक असते. निगेटिव्ह नारिंगी आणि दाट दिसेल, पण स्कॅनरला त्यातून चित्र काढता येते. सी-४१ च्या फिल्मबाबतीतही माझे मत असे आहे की रोल वीसेक वर्षांहून जुना असेल आणि थंड जागी ठेवलेला नसेल, तर रंगांचा मोह सोडावा. रंगीत फिल्मचे तीन थर तीन वेगवेगळ्या गतींनी म्हातारे होतात, आणि एकमेकांशी फारकत घेतलेले ते रंग पुन्हा जुळवणे बहुतेक वेळा जमत नाही.

प्रश्न : फिल्मच्या वयाच्या प्रत्येक दशकामागे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावा, असे मी वाचले आहे. माझा कृष्णधवल रोल सुमारे चाळीस वर्षांचा आहे. म्हणजे चार स्टॉपच्या हिशेबाने डेव्हलपिंगचा वेळ वाढवावा का? कोणता डेव्हलपर घ्यावा?

उत्तर : हा नियम खरा आहे, पण तो दुसऱ्याच कामाचा आहे. मुदत संपलेली कोरी फिल्म आज कॅमेऱ्यात घालून नवी चित्रे काढायची असतील, तर तिची मंदावलेली संवेदनशीलता भरून काढण्यासाठी दर दशकामागे साधारण एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्या रोलवर प्रकाश चाळीस वर्षांपूर्वीच पडून गेला आहे आणि त्यात आज कणभरही भर घालता येणार नाही.

आत काय घडलेले असते, हे एकदा समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात. शटर उघडते तेव्हा सिल्व्हर हॅलाइडच्या ज्या स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडतो, त्याच्यावर चांदीच्या मोजक्या अणूंचा पुंजका तयार होतो. हीच सुप्त प्रतिमा. डेव्हलपर हे पुंजके हेरतो आणि ज्या स्फटिकावर असा पुंजका आहे, तो सबंध स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. रोल पडून राहिला, की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. हवेतील ऑक्सिजन आणि ओल यांमुळे लहान पुंजके झिजत जातात, म्हणजे चित्राच्या सावलीच्या भागातले बारकावे आधी नाहीसे होतात आणि भरपूर उजेड पडलेला भाग सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. त्याच वेळी उष्णता, हवेतील काही वायू आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग यांमुळे ज्यांच्यावर प्रकाश कधीच पडला नव्हता अशा स्फटिकांवरही खोटे पुंजके तयार होतात. डेव्हलपरला खरा पुंजका कोणता आणि खोटा कोणता, हे कळत नाही. तो दोन्ही काळे करतो, आणि सगळ्या निगेटिव्हवर जी करडी छटा पसरते तिला आपण फॉग म्हणतो.

आता वेळ दुप्पट-चौपट केला, तर काय होईल ते पाहा. भरपूर प्रकाश मिळालेले स्फटिक नेहमीच्या वेळातच जवळजवळ पूर्ण काळे झालेले असतात. झिजून नाहीसे झालेले पुंजके वेळ वाढवून परत येत नाहीत. वाढत्या वेळात जोराने वाढतो तो फॉग. जुना रोल धुताना जास्तीत जास्त काळेपणा आणण्याच्या मागे लागू नये. चित्र आणि फॉग यांच्यातले अंतर जास्तीत जास्त राहील, असे पाहावे. थोडी वाढ चालते, साधारण पंधरा-वीस टक्क्यांची, कारण उतरलेला कॉन्ट्रास्ट त्याने जरा सावरतो. त्यापुढे जाण्याला मी तरी धजत नाही.

डेव्हलपर म्हणून माझी पहिली पसंती एचसी-११० ला आहे. तो मुळातच कमी फॉग देतो. त्याचे बी हे प्रमाण, म्हणजे १ भाग डेव्हलपर आणि ३१ भाग पाणी, या कामासाठी चांगले. २० अंशांना बऱ्याचशा फिल्मना त्यात ५ ते ८ मिनिटे पुरतात. फॉग फारच दाट असेल, तर मी द्रावण १५ अंशांच्या आसपास थंड ठेवतो आणि वेळ त्या मानाने वाढवतो. थंड द्रावणाचा आणखी एक फायदा असा, की जुना मऊ झालेला थर त्यात फुगून सुटण्याची भीती कमी होते. मात्र मग पुढचे स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण), फिक्सर (चित्र पक्के करणारे द्रावण) आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाजवळ ठेवा, नाहीतर थराला बारीक सुरकुत्या पडतात.

बेन्झोट्रायाझोल हे फॉग आवरणारे द्रव्य डेव्हलपरमध्ये घालता येते. लिटरमागे ०.१ ग्रॅम, म्हणजे त्याचे १ टक्क्याचे द्रावण १० मिलिलिटर, यापासून सुरुवात करावी. हे औषध जपून वापरायचे असते, कारण जास्त झाले तर ते फॉगबरोबर चित्राचे अशक्त भागही दाबते, आणि आपल्याकडे आधीच अशक्त असलेले चित्र असते. रोडिनाल १ भागास १०० भाग पाणी करून फिल्म त्यात तासभर न हलवता ठेवण्याची पद्धत पुष्कळजण सांगतात. रोडिनाल १८९१ पासून चालत आलेला डेव्हलपर आहे आणि मला तो प्रिय आहे, पण या कामासाठी नाही. एका तासात फॉगला फार मोकळीक मिळते. फिल्म कोणती आहे हे अजिबातच कळले नसेल, तेव्हा नेमक्या वेळेची गरज न लागणारी पद्धत म्हणून ती समजण्यासारखी आहे, एवढेच.

आणि आता त्या कोऱ्या जागेचा उपयोग. कागदाच्या पाठीच्या रोलमध्ये फिल्मचे फक्त सुरुवातीचे टोक कागदाला चिकटवलेले असते आणि शेवटचे टोक मोकळे असते. अंधारात कागद उलगडू लागलात, की न काढलेल्या शेवटच्या चित्रांची कोरी जागा सर्वांत आधी हाताला लागते. तिचा ३-४ सेंटिमीटरचा तुकडा कापा, बाकी रोल पुन्हा गुंडाळून प्रकाशबंद डबीत ठेवा आणि फक्त तो तुकडा धुवा. त्यावर प्रकाश कधीच पडलेला नाही, म्हणजे त्यावर दिसेल तो सगळा फॉग. तुकड्यामागे छापील मजकूर धरा. तो सहज वाचता आला, तर चिंता नाही. तुकडा कोळशासारखा काळा निघाला, तर वेळ कमी करा, द्रावण थंड करा, बेन्झोट्रायाझोल घाला आणि दुसरा तुकडा धुवून पाहा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचे पुढचे टोक भरताना उजेडात आलेले असते. त्याचा तुकडा पूर्ण काळा होईल आणि त्यावरून डेव्हलपर काम करतो आहे, एवढेच कळेल. न वापरलेली चित्रे राहिली असतील, तर तीही शेवटच्या टोकाला, डबीच्या आत अगदी गाभ्याजवळ असतात. त्यासाठी डबी अंधारात उघडावी लागते.

प्रश्न : अंधारात फिल्म धुण्याच्या प्रकाशबंद टाकीतल्या रिळावर ती चढवण्याचा तासभर प्रयत्न केला. ती स्प्रिंगसारखी गुंडाळून घेते आणि हातातून निसटते. शेवटी पुन्हा डबीत टाकून दिली. आता?

उत्तर : डबीत टाकून दिलीत हे सर्वांत शहाणपणाचे केलेत. अंधारात वैतागलेला माणूस फिल्मला नखे लावतो.

चाळीस-पन्नास वर्षे अंगठ्याएवढ्या रिळावर राहिलेली फिल्म तेच वळण धरून बसते. अंधारात ती उलट बाजूने सैल गुंडाळून प्रकाशबंद डबीत दोन-चार दिवस ठेवली, तर थोडा फरक पडतो. घाई करून घट्ट उलट गुंडाळू नका, थराला तडे जातात. स्वयंचलित सरकणाऱ्या प्लॅस्टिकच्या रिळापेक्षा तारेचे रीळ बरे, कारण त्यात फिल्म ढकलावी लागत नाही. मात्र त्याचा सराव आधी उजेडात, एखादी निकामी फिल्म घेऊन, डोळे मिटून झालेला असावा.

एवढे करूनही जमले नाही, तर टाकी विसरा आणि जुनी, तबकातली पद्धत वापरा. पूर्ण अंधारात तीन खोलगट तबके क्रमाने मांडा : पाणी, डेव्हलपर, फिक्सर. डेव्हलपर आणि फिक्सर यांच्या मध्ये साध्या पाण्याचे एक भांडे असले की स्टॉप बाथचे काम होते. फिल्मच्या दोन्ही टोकांना चिमटे लावा. चित्राचा थर वर ठेवून, दोन्ही हातांनी टोके आळीपाळीने वर-खाली करत सबंध पट्टी द्रावणातून फिरवत राहा. आधी साध्या पाण्यातून मिनिटभर फिरवली, की फिल्म लवचिक होते आणि तिचा हट्ट बराच कमी होतो. मिनिटे मोजण्यासाठी चकाकणाऱ्या काट्यांचे घड्याळ किंवा फोनचा पडदा चालणार नाही. आवाजाने सांगणारे घड्याळ खोलीबाहेर ठेवा. हात दुखतात, पाठ भरून येते, पण १९२० च्या फिल्मसाठीही ही पद्धत चालते.

फार जुनी फिल्म लाल रंगाला आंधळी असते, म्हणून ती लाल दिव्यात धुवावी, असे एका वाचकांनी सुचवले आहे. फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक (लाल रंग न दिसणारी) आहे याची लेखी खात्री असेल तरच तसे करावे. कोडॅकच्या व्हेरिक्रोमचे उदाहरण घ्या. मूळची व्हेरिक्रोम ऑर्थोक्रोमॅटिक होती, पण १९५६ पासून तिच्या जागी आलेली व्हेरिक्रोम पॅन लाल दिव्यात पूर्ण काळी पडेल. डबीवर नाव अर्धेच वाचता आले, तर अंधार हाच पर्याय. जाता जाता सांगतो, व्हेरिक्रोम पॅन निघाली तर आनंद माना. तिच्यावरची सुप्त प्रतिमा कितीतरी दशके तग धरून राहते, असा जुने रोल धुणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

प्रश्न : डबीवर कोडाक्रोम असे लिहिले आहे. कुठेतरी अजून ती रंगीत धुऊन मिळत असेल ना?

उत्तर : व्यावसायिक पातळीवर, नाही. १९३५ मध्ये आलेल्या या फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याची घोषणा कोडॅकने २००९ मध्ये केली, आणि ती धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातली ड्वेन्स फोटो, हिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे बंद केले. इतर रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्ये थरातच भरलेली असतात. कोडाक्रोममध्ये ती नसतात, ती धुताना एकेका थरासाठी वेगवेगळ्या डेव्हलपरमधून दिली जात. त्यामुळे ती रसायने आणि ती अवघड यंत्रणा गेली, त्याबरोबर रंगही गेले. फिल्ममध्ये ते कधी नव्हतेच.

कृष्णधवल निगेटिव्ह मात्र मिळते. फिल्मच्या पाठीवर काळा कार्बनयुक्त लेप असतो, तो बोरॅक्सच्या द्रावणात मऊ करून ओल्या स्पंजाने अलगद पुसावा लागतो. हा लेप चित्राच्या बाजूला लागला, तर तिथे कायमचे काळे ठिपके राहतात. धुतल्यावर फिल्मवर पिवळट तपकिरी छटा उरते. ती आतल्या पिवळ्या गाळणीच्या थराची असते, आपल्या चुकीची नव्हे.

प्रश्न : जुनी फिल्म पेट घेते असे ऐकले आहे. घरी धुणे धोक्याचे आहे का?

उत्तर : पेट घेते ती सेल्युलोज नायट्रेटच्या पायावरची फिल्म. हौशी कॅमेऱ्यांच्या रोल फिल्ममध्ये नायट्रेट साधारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सापडते. कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द छापलेला असला, तर ती सहज न पेटणाऱ्या ॲसिटेटची आहे. एखादा रोल पाण्यात धुताना भडकणार नाही, पण नायट्रेटची फिल्म विजेच्या दिव्याच्या उष्णतेवर वाळवू नका, आणि चिकट झालेली किंवा तपकिरी भुकटी होऊ लागलेली फिल्म घरात साठवून ठेवू नका. व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ती ॲसिटेटच्या विघटनाची खूण आहे. त्यात आगीचा धोका नाही, पण फिल्म आक्रसत चालली आहे आणि आता उशीर करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : इतक्या वर्षांनंतर चित्र खरोखर निघते का, की ही सगळी आशाच?

उत्तर : स्वीडनचे सालोमन आंद्रे आणि त्यांचे दोन सोबती १८९७ मध्ये हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि परत आले नाहीत. १९३० मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या क्विटोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले, त्यांत सोबत्यांपैकी निल्स स्ट्रिन्डबेर्ग यांनी काढलेल्या चित्रांची फिल्मही होती. ३३ वर्षे बर्फात आणि ओलीत राहिलेल्या सुमारे २४० चित्रांपैकी ९३ चित्रे स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी वाचवली. बर्फावर कलंडलेला फुगा आणि त्याच्यासमोर उभी असलेली दोन माणसे, हे त्यांतले चित्र आजही पाहायला मिळते. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या मॅलरी आणि आयर्विन या गिर्यारोहकांबरोबर कोडॅकचा छोटा व्हेस्ट पॉकेट कॅमेरा होता असे मानतात. १९९९ मध्ये मॅलरी यांचा देह सापडला, कॅमेरा सापडला नाही. तो मिळाला तर त्या थंडीत टिकलेली फिल्म धुता येईल, या आशेवर लोक आजही त्याचा शोध घेत आहेत.

या दोन्ही उदाहरणांत थंडी आहे, हे विसरू नका. तापलेल्या माळ्यावर वीस वर्षे राहिलेला रोल थंड तळघरातल्या पन्नास वर्षांच्या रोलपेक्षा वाईट अवस्थेत असू शकतो. वयापेक्षा जागा महत्त्वाची, आणि जागेच्या खालोखाल फिल्मचा वेग. २५ ते १०० आयएसओच्या संथ फिल्म चांगल्या टिकतात. ४०० आणि त्यापुढच्या वेगवान फिल्मचे मोठे स्फटिक नैसर्गिक किरणोत्सर्गालाही जास्त बळी पडतात, आणि त्याला थंडीही रोखू शकत नाही. साध्या पेटी-कॅमेऱ्याने भर उन्हात काढलेल्या चित्रांची शक्यता मी नेहमी जास्त धरतो, कारण त्यांना मुळातच भरपूर प्रकाश मिळालेला असतो.

रोल लगेच धुता येणार नसेल, तर तो हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरेल.

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतलेल्या कॅमेऱ्यात निघालेला रोल धुतला. अनोळखी कुटुंबाची चित्रे आली. ती समाजमाध्यमांवर टाकावीत का?

उत्तर : ज्याच्याकडून कॅमेरा घेतला, त्याच्याकडे आधी विचारा. मूळ कुटुंब सापडले, तर निगेटिव्ह त्यांची. सापडले नाही, तर इमारत, वाहन, पाटी अशा ओळख पटवणाऱ्या खुणांची चित्रे दाखवून शोध घेता येतो. लहान मुलांची आणि खासगी प्रसंगांची चित्रे मी सर्वांसमोर टाकणार नाही.

प्रश्न : रोल धुतला, वाळवला आणि उजेडात धरला तर सगळी पट्टी करडी. कुठे कुठे सावलीसारखे काहीतरी दिसते. टाकून द्यावी का?

उत्तर : नाही. जुन्या रोलचे निगेटिव्ह डोळ्यांनी पाहून निकाल देऊ नये. आधी एक तपासणी करा : करडेपणा दुधाळ, अपारदर्शक आहे का? तसा असेल, तर तो फॉग नसून अपुरे फिक्सिंग आहे. फिल्म ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा घाला. दुधाळपणा जाण्याला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ ठेवा आणि मग पाण्याने नीट धुवा. हे उजेडातही करता येते.

दुधाळपणा नसेल, तर तो फॉगच. पोटॅशियम फेरीसायनाइड आणि हायपो (फिक्सरमधले द्रव्य) यांच्या रिड्यूसरने तो पातळ करता येतो आणि जुन्या पुस्तकांत हाच उपाय दिलेला असतो. पण रिड्यूसर कुठे थांबवायचा, हे हाताला कळायला बरेच रोल बिघडावे लागतात. तेच काम स्कॅनर निगेटिव्हला हात न लावता करतो. प्रत्येक रंगासाठी १६ बिटांवर स्कॅन करा, किंवा सम प्रकाशाच्या पृष्ठभागावर फिल्म ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने तिची रॉ चित्रे घ्या. स्वयंचलित सुधारणा बंद ठेवा. मग कर्व्हमध्ये काळी आणि पांढरी टोके चित्राच्या खऱ्या मर्यादेपर्यंत जवळ आणा, म्हणजे फॉगची समान छटा वजा होऊन त्यावरचा बारीकसा फरक ताणला जाईल. फॉग जाड असेल, तर एकाच जागेची चार-सहा चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढल्यावर कॅमेऱ्याचा स्वतःचा दाणेदारपणा कमी होतो आणि चित्र जरा वर येते.

आकाशात किंवा एखाद्याच्या कपाळावर आकडे, अक्षरे किंवा ठिपक्यांची नक्षी दिसली, तर घाबरू नका. मागच्या कागदावरची शाई वर्षानुवर्षे थराला टेकून राहिल्याने तिचा ठसा उमटतो. संगणकावर तो पुसता येतो, पण न पुसलेली एक प्रत आणि मूळ स्कॅन अवश्य जपून ठेवा. धुतलेली पट्टी गुंडाळून ठेवू नका. तीन-चार चित्रांचे तुकडे करून ते आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, आणि पाकिटावर पेन्सिलीने कॅमेऱ्याचे नाव, फिल्म, डेव्हलपर, तापमान आणि वेळ लिहा. त्याच कपाटातून दुसरा रोल निघाला, तर पहिला तुकडा कापण्यापूर्वी तेच पाकीट हाताशी घ्यावे लागेल.